आहुप्याची झाडं आणि निळा पडदा

आजवर मला पुष्कळ जण रागावले आहेत. आई, दोन आत्या, शाळेतल्या बाई, सासूबाई, आणि नवरा तर सवडीप्रमाणे. या सगळ्यांकडे रागवायला काही ना काही कारण होतं, हे मी आता या वयात कबूल करते. पण न केलेल्या गुन्ह्याबद्दल, तेही इंग्रजीत, मला रोज कोणी झापलं असेल तर ते आमच्या घरातल्या कम्प्युटरने. इतकी वर्षं झाली, पण तो निळा पडदा आठवला की अजून माझं डोकं फिरतं.

ही दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. आम्ही निमगाव सावाला आमच्या वस्तीवर राहत होतो. मी नारायणगावला जाऊन कम्प्युटरचा तीन महिन्यांचा कोर्स केला होता आणि वर्गात पहिली आले होते. वर्गात आम्ही सहाच जण होतो, हे मी सहसा सांगत नाही. शिकलेलं वाया जाऊ नये म्हणून नवऱ्याने मंचरहून एक जुना कम्प्युटर आणला. त्याला मधल्या खोलीत टेबल मिळालं, मी विणलेलं झाकण मिळालं, आणि त्या खोलीत चपला घालून जायला सगळ्यांना बंदी झाली. दसऱ्याला ट्रॅक्टरच्या आधी त्याला झेंडूची माळ. इतका मान या घरात मला लग्नाच्या वर्षीसुद्धा मिळाला नव्हता.

आणि त्याने काय करावं? वीज गेली की तो जागच्या जागी मरायचा. त्याच्याबरोबर यूपीएस नावाचा एक डबाही आला होता, पण वीज गेल्यावर शिट्टी वाजवणं एवढंच तो करायचा. वीज आल्यावर मशीन चालू केलं की आधी निळा पडदा. त्यावरच्या पांढऱ्या अक्षरांचा अर्थ असा: तुम्ही मशीन नीट बंद केलेलं नाही, म्हणून डिस्कमध्ये चुका झालेल्या असू शकतात, हा मजकूर पुन्हा बघायचा नसेल तर यापुढे मशीन नेहमी नीट बंद करत जा. मग खाली एक पट्टी मुंगीच्या पावलाने सरकायला लागायची. ही डिस्क तपासणी.

करत जा, म्हणे. मला. वीज घालवणाऱ्यांना कोणी निळा पडदा दाखवत नव्हतं.

बरं, ती तपासणी पुरी तरी व्हावी. आमच्याकडे विहिरीवरच्या मोटरला ऑटो लावलेला असतो, म्हणजे वीज आली की माणूस तिथे नसला तरी मोटर आपली आपण सुरू होते. त्यामुळे वीज आली रे आली की आसपासच्या सगळ्या मोटरी एका दमात उठायच्या, बल्ब पिवळा पडायचा, पंखा हात जोडल्यासारखा थांबायचा, आणि नऊ टक्क्यांवर आलेला कम्प्युटर पुन्हा बंद. पुन्हा चालू केला की पुन्हा तेच: नीट बंद करत जा. एक दिवस मी तणतणत शेजारच्या भाऊंच्या बांधावर गेले.

"भाऊ, तुमचा ऑटो तेवढा काढा. माझं मशीन बसतंय."

ते दात कोरत उभे होते. "वहिनी, पयला तुमचा काढा. समद्यात मोठी मोटर तुमचीच हाय. तुमची उठली की आमची बी बसती, पन आमी कवा बोललो का?"

मी आल्या वाटेने घरी आले.

आता त्या कम्प्युटरमध्ये असं काय होतं म्हणून मी एवढी चिडते, ते सांगते. माझे सासरे प्राथमिक शिक्षक. मी त्यांना दादा म्हणायचे. नोकरीतली अकरा वर्षं त्यांनी आहुप्याला काढली. त्या गावापुढे रस्ता नाही, कडा आहे आणि खाली कोकण. गावाची देवराई आहे, तिच्यातलं झाड कोणी तोडत नाही. शाळा सुटली की दादा गावातल्या म्हाताऱ्या बायकांबरोबर त्या राईत फिरायचे आणि झाडाझाडाचं नाव विचारायचे. कशाची साल कशावर चालते, कोणत्या झाडाखाली का बसायचं नाही. बदली झाली तेव्हा त्यांनी गावाला शब्द दिला की हे सगळं लिहून शाळेला आणून देईन. त्यानंतर सांगणाऱ्या बायका एकेक करून गेल्या. दादा निवृत्त झाले, काचबिंदूने नजर उतरत गेली. पेन्सिलीने केलेली टिपणं इतकी पुसट झाली होती की धड डोळ्याच्या माणसालाही लागत नव्हती. उरलं होतं ते दादांच्या डोक्यात.

"पोरी, मी सांगतो, तू लिवून घे," ते म्हणाले. त्यांनी जाड पुठ्ठ्याच्या चार वह्याही आणवल्या होत्या.

"वही कशाला, दादा? थेट कम्प्युटरवरच घेते. एकदा लिहिलं की कायमचं."

हे वाक्य माझं. घरातले लोक अजून मला या शब्दावरून छळतात. मेथी निवडून फ्रीजमध्ये ठेवली तरी नवरा विचारतो, "कायमची का?"

दीड वर्ष आम्ही दोघं दुपारी बसत होतो, वीज असेल तेव्हा. दादा खुर्चीत डोळे मिटत आणि राईत शिरत. झाडं त्यांना अक्षरांच्या क्रमाने आठवत नसत, वाटेच्या क्रमाने आठवत. "ओढा ओलांडला. उजव्या हाताला जांभूळ. त्याच्या मागं पिसा. आता चढ लागला, जरा थांब." चढावर ते खरोखरच दम घेत. मी बोटं किबोर्डवर ठेवून थांबायचे. सगळं एकाच फाईलमध्ये लिहीत होते. वाट एक आहे तर फाईल दोन कशाला, असा माझा विचार. वर्गात पहिली आलेल्या बाईचा विचार.

त्या काळात मला एक युक्तीही सापडली होती. निळा पडदा आला की एक बटण दाबायचं, तपासणी तिथेच सोडून मशीन सरळ सुरू होतं. ज्याने मला इतके महिने बोलणी घातली त्याला मध्येच तोडता येतं, हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो सांगण्यासारखा नाही. पुढचे सात-आठ महिने मी ते बटण रोज दाबलं आणि दरवेळी मनात म्हटलं, चल हट.

एका दुपारी दादा राईच्या पलीकडच्या टोकाला पोचले होते. आणखी चार-सहा बैठका झाल्या की काम संपणार होतं. मी सेव्हचं बटण दाबलं आणि नेमकी तेव्हाच वीज गेली.

दोन तासांनी वीज आली तेव्हा निळ्या पडद्याने माझं बटण जुमानलं नाही. पट्टी सरकत राहिली आणि मध्येच थांबून प्रश्न आला: हरवलेले तुकडे सापडले आहेत, ठेवायचे का? मी हो म्हटलं. पुन्हा प्रश्न, पुन्हा हो. शेवटी त्याने मोठ्या दिमाखात सांगितलं की सगळ्या चुका दुरुस्त करण्यात आल्या आहेत. मशीन सुरू झालं, पूर्वीपेक्षा तुरुतुरु चालायला लागलं. फक्त दादांची फाईल तिथे नव्हती. तिचं नावसुद्धा नव्हतं. एक फ्लॉपी करून ठेवली होती, ती काढून बघितली तर पावसाळ्यात तिच्यावर बुरशी चढलेली.

दादा खुर्चीतच होते. "दुरुस्त झालं म्हणतंय न्हवं?"

"हो."

"मग आपलं लिवलेलं?"

"तेवढं नाही, दादा."

त्यांनी चाचपत मशीनवर हात ठेवला. मग म्हणाले, "मग दुरुस्त काय झालं?"

हा प्रश्न मी आजही त्या यंत्राला विचारते.

तिसऱ्या दिवशी मंचरहून कम्प्युटरवाले इंजिनिअर आले. चाळिशीचे गृहस्थ, मोटरसायकलची किल्ली बोटात फिरवत. दादांनी त्यांना तोच प्रश्न केला.

"गुरुजी, डिस्कवर एक यादी असते," ते म्हणाले. "कुठली फाईल कुठल्या कप्प्यात सुरू होते, पुढचा कप्पा कुठला, त्याच्या पुढचा कुठला. लिहिता लिहिता वीज गेली की यादीत एक राहतं आणि कप्प्यात भलतंच. तपासणी दोन्ही मेळात आणते."

"म्हणजे साहेबाची शाळा तपासणी," दादा म्हणाले. "हजेरीपट एका हातात, दुसऱ्या हातानं पोरं मोजायची. पटावर नाव न्हाई ते पोरगं वर्गाभाईर. पट जुळला, शेरा मारला, साहेब चालले. पोरगं शिकत व्हतं का, कुनाचं व्हतं, त्याचं साहेबाला काय."

"अगदी तसंच."

"आन् ती भाईर काढलेली पोरं बसवली कुठं?"

मला आजवर हे सुचलं नव्हतं. इंजिनिअरसाहेबांनी खुर्ची पुढे ओढली. मग त्यांनी कुठला तरी कप्पा उघडला, आणि तिथे सगळी ओळीने होती. नावं काढून घेतलेली, नुसते नंबर दिलेली. फाईल शून्य, फाईल एक, फाईल दोन. चाळीस तुकडे. मीच तीन दिवसांपूर्वी हो, हो म्हणून ठेवून घेतलेले, आणि ते कुठे ठेवले हे मला सांगण्याची त्या निळ्या पडद्याला गरज वाटली नव्हती. नीट बंद कसं करायचं एवढं मात्र रोज सांगत होता.

त्यांनी पहिला तुकडा उघडला. पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. डोक्यावर टोप्या घातलेले यू, शेपट्या लावलेले सी, मध्येच चौकोन. दुसरा उघडला, तेच. तिसराही तसाच.

"कचरा आहे, मॅडम. जागा खातोय. उडवू?"

आणि मी मान डोलावली. कोणी माझा हात पिरगळला नव्हता. मशीनवर विणलेलं झाकण घालणारी मी, डोळ्यांदेखत मान डोलावून बसले.

ते एकेक उडवत गेले. अकरा झाले आणि वीज गेली. वीज गेल्याबद्दल देवाला हात जोडावेत असा तो माझ्या जन्मातला एकच प्रसंग, पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं. मी नेहमीसारखी वीजवाल्यांच्या नावाने बोटं मोडली.

निघताना इंजिनिअरसाहेबांनी सहज विचारलं, "मॅडम, तपासणी दरवेळी पूर्ण होऊ देत होता ना? मध्ये सोडली की बारीक बारीक चुका साचत जातात आणि मग एकदम मोठं बसतं."

"म्हणजे, बहुतेक वेळा," मी म्हटलं. दादांना दिसत नव्हतं, तरी त्यांनी मान माझ्याकडे वळवली. तेव्हा मला राग आला तो या गोष्टीचा, की एवढा मोठा मजकूर रोज दाखवणाऱ्याने हे एक वाक्य त्यात का घातलं नाही. की ही तपासणी सोडाल तर काय होईल. त्यापेक्षा मला शिस्त लावणं त्याला महत्त्वाचं वाटलं.

ठरलं असं की मशीनचा मुख्य डबा मी मंचरला न्यायचा आणि तिथे ते सगळं पुसून नव्याने घालून देतील. मी डबा गोधडीत गुंडाळला आणि मांडीवर घेऊन जीपमध्ये बसले. शेजारच्या बाईने विचारलं, "टीवी हाय का वं?" मी म्हटलं, "नाही, माझी अक्कल आहे." ती पलीकडे सरकून बसली. मंचरला हायवेवर कांद्या-बटाट्याच्या ट्रकांनी रस्ता धरलेला. उन्हात डबा कडेवर घेऊन इंजिनिअरच्या दुकानाशी पोचले तर कुलूप. जेवायला गेले होते.

समोर लग्नपत्रिकांचं दुकान होतं. तिथल्या भाभींनी मला आत बोलावलं. त्यांचं घराणं मूळचं राजस्थानातलं, पण पिढ्यान् पिढ्या मंचरात. त्यांची मराठी माझ्यापेक्षा साफ. पत्रिका त्या स्वतः कम्प्युटरवर जुळवायच्या. त्यांच्यासमोर वरपक्षाचे तीन चुलते बसले होते आणि कोणाचं नाव कोणाच्या वर, यावरून आवाज चढले होते.

"भाभी, मी थोरला. माझं नाव बारीक कसं?"

"थांबा काका, तुम्हाला जाड करते," म्हणून भाभींनी काही तरी दाबलं, आणि थोरल्या काकांचं अख्खं नाव जाऊन तिथे टोप्यावाले यू आणि शेपटीवाले सी उमटले.

मी डब्यासकट उभी राहिले. "भाभी, हे काय झालं?"

"काही नाही ताई, चुकून दुसराच फॉन्ट लागला. मराठीच आहे ती. आपला फॉन्ट लावला नाही की मशीनला ती अशी दिसते." त्यांनी पुन्हा काही दाबलं आणि काका जाडजूड होऊन परत आले.

माझे कान तापले. कारण हे मला माहीत होतं. दीड वर्षात मीच दहा वेळा चुकीचा फॉन्ट निवडला होता, हाच चिवडा बघितला होता आणि परत आपला फॉन्ट लावला होता. घरी, दादांसमोर, साहेब किल्ली फिरवत बसले होते म्हणून मला ते आठवलं नाही. शहाण्या माणसाने कचरा म्हटलं की मला स्वतःचं अक्षरही कचरा दिसतं, याचा जो संताप तेव्हा आला तो कोणावर काढावा हे मला अजून ठरवता आलेलं नाही. अर्धा स्वतःवर काढते, अर्धा घरच्यांवर.

भाभींनी चुलत्यांना चहा पाजून बाहेर बाकावर बसवलं आणि माझा डबा आपल्या पडद्याला जोडला. पहिला तुकडा उघडला, फॉन्ट लावला, आणि मोठ्याने वाचायला लागल्या: "च्या सालीचा काढा बाळंतिणीला देतात. त्या पुढे गारंबीचा वेल, तो एका झाडाचा नाही, सगळ्या राईचा आहे." त्या थांबल्या. "ताई, हे कुणी लिहिलंय?" मी त्यांच्या दुकानातल्या पत्रिकांच्या नमुन्यांकडे बघत बसले.

एकोणतीस तुकड्यांतले बावीस आमचे निघाले. बाकीचे कशाचे होते देव जाणे. कागदावर छापून घेतले. इंजिनिअरसाहेब जेवून आले, पान लावून. म्हणाले, "हां, म्हणजे फॉन्टचा इश्यू होता तर." माझ्या अकरा तुकड्यांबद्दल चकार शब्द नाही. मी नंतर जीपमध्ये त्यांना द्यायची सहा चांगली उत्तरं तयार केली.

घरी आल्यावर दोन दिवस मी कागद वाचत होते आणि दादा ते लावत होते. तुकडे वाक्याच्या मधोमध तुटलेले, एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. पण दादांना वाट पाठ होती. "हे ओढ्याच्या आलीकडलं. हे वर ठेव. ह्ये चढानंतरचं, ह्यात माझा दम लागल्याला दिसतोय बघ." नंबर देऊन बाहेर बसवलेली पोरं त्यांनी आवाजावरून ओळखली. शेवटी एकच खिंडार राहिलं. कुंभ्याच्या झाडापासून झऱ्यापर्यंत काहीच नव्हतं.

"हितं हिरडे व्हते," दादा म्हणाले. "घे लिवून." आणि त्यांनी तीन ओळी सांगितल्या. किती झाडं, कधी वेचतात, कशाला वापरतात.

"दादा, तुम्ही इथे धुक्याचं सांगितलं होतं. तुम्ही वाट चुकलात, हातापुढची बोटं दिसेनात. गाय शोधायला आलेल्या एका बाईने लांबूनच तुम्हाला बजावलं की हिरड्याला पाठ लावून उभे राहा, हलू नका. आणि ती हाका मारत मारत तुमच्यापर्यंत आली."

"मी? मी आसं काय म्हनालो न्हाई."

"अहो, दीड पान होतं. तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले होते तुम्ही. मी लिहिलंय माझ्या हाताने."

ते खूप वेळ आठवत राहिले. ते ज्या दिवशी सांगितलं त्या दिवशी ते त्यांच्याजवळ होतं, आणि मी ते त्यांच्याकडून घेऊन त्या डब्यात ठेवलं होतं. आता त्यांच्याजवळ नव्हतं.

"मला आठवतंय ते," मी म्हटलं. "मी लिहिते. थोडंफार इकडेतिकडे होईल."

"न्हाई." दादा कधी आवाज चढवत नसत, तेव्हा चढवला. "ती बाई काय बोल्ली ते तुला मी सांगितलेलं, आन् ते मलाच ठावं न्हाई. तू तिच्या तोंडी तुझं घालशील आन् झालं म्हनशील. ते मशीन करतंय ते. आपुन न्हाई करायचं."

"मग काय करू?"

"तीन वळी लिव. बाकी जागा ऱ्हाऊ दे."

मी चिडले. पूर्ण होऊ शकणारी गोष्ट अर्धी ठेवायची, तीही माझ्याच बोटांची चूक सगळ्या गावाला दिसेल अशी. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. पण जागा ठेवली, आणि राईच्या टोकाच्या राहिलेल्या बैठका दादांच्या वहीत उरकल्या. भाभींनी पुस्तकासारखं छापून, शिवून दिलं. हिरड्याच्या तीन ओळी आणि खाली दीड पान पांढरं.

दिवाळीनंतर आम्ही दादांना घेऊन आहुप्याला गेलो. शाळेत नवे गुरुजी होते, तरुण, उत्साही. त्यांनी पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं, पानं उलटली आणि त्या पांढऱ्या पानाशी थांबले. "शाई संपली होती का ताई?"

"नाही," मी म्हटलं. "ते तसंच आहे."

"मग बरंच झालं. शाळेचा शिक्का मारायला मोकळी जागा पाहिजेच." आणि त्यांनी टेबलावरचं शिक्क्याचं पॅड उघडलं.

मी पुस्तक ओढून घेतलं, चांगलंच जोरात. गुरुजी बघतच राहिले. दादांनी बाकावरून विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही दादा. शिक्का मारताहेत. पहिल्या पानावर." मी पहिलं पान उघडून गुरुजींसमोर धरलं, आणि शिक्का उमटून वाळेपर्यंत पुस्तक हातातून सोडलं नाही.